मधले आकडे

मी हे लिहावं का, इथूनच माझी अडचण आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहायची सवय नाही, त्यामुळे आधीच माफी मागतो. पण ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. घणसोली गावातल्या आमच्या खोलीत आईला नाही. वैभवला तर नाहीच.

वैभव माझा प्रोजेक्टमधला जोडीदार, जासईचा. त्याच्या काकांचं खाडीलगत मासे पाळायचं तळं आहे. त्यांना त्यात रोहूची पिल्लं सोडायची होती, आणि रोहूला खारं पाणी सोसत नाही. उधाणाला खाडीचं पाणी बांधाखालून आत झिरपतं की काय, एवढीच त्यांची शंका होती. म्हणून आम्ही कॉलेजचं खारटपणा मोजायचं यंत्र तळ्यात सोडलं. आम्ही गेलो की काका विचारायचे, "काय रं इंजिनेर, बोललं का तुमचं मशीन?"

बोललं. यंत्रातल्या मेमरी कार्डवरचे आकडे मी कॉम्प्युटरवर पायथॉनच्या प्रोग्राममध्ये घेतले, स्क्रीनवर छापले, तिथून उचलून एका फाइलमध्ये चिकटवले. कार्ड पुढच्या गटाला हवं होतं, म्हणून कोरं करून लॅबला परत दिलं. मला वाटलं, स्क्रीनवर आलं म्हणजे सगळं आलं. दुसरं काय वाटणार?

आलेख काढायची वेळ आली तेव्हा तो छापलेला मजकूर परत ॲरेमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणाऱ्या आकड्यांच्या यादीत, आणायला बसलो. कंस काढले, ओळी जोडल्या, मोकळ्या जागांवर तोडलं. एरर आला. मध्ये तीन टिंबं होती. ती खोडली — आणि कोड चालला. हातात सहा आकडे आले. पहिले तीन, शेवटचे तीन.

बराच वेळ मला कळेचना. मग शोधल्यावर समजलं, की ॲरे लांब असला तर मधला भाग छापलाच जात नाही, त्याच्या जागी नुसती टिंबं येतात. म्हणजे माझ्या फाइलमध्ये मधले आकडे कधी नव्हतेच. आणि उधाणाचे दिवस — ते मधलेच होते.

सांगतो. ते आकडे मी बनवले. या टोकाच्या तीनपासून त्या टोकाच्या तीनपर्यंत, जवळजवळ सपाट. खरे वाटावेत म्हणून जरा वरखाली हलवलेले. एक-दोन ओळींचं काम. सरांना आलेख आवडला. वैभवने विचारलं, "उधाणात काय दिसत नाय ना रे?" मी म्हणालो, "नाही. सपाट आहे."

तेव्हा मला काय वाटत होतं? भीती होती — यंत्र परत मिळालं नसतं, प्रोजेक्ट बुडाला असता. पण वैभवला नुसतं 'आकडे गेले' म्हणता आलं असतं. दोन शिव्या घालून तो हसला असता. मग मी का म्हणालो नाही? घरी सगळे समजतात की याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. कळत नाही, हे बोलायची लाज वाटली का? असेल. नक्की सांगता येत नाही.

काकांनी पिल्लं सोडली.

आणि इथे माझा सगळा गोंधळ होतो. खरे आकडेही सपाटच असतील, कोण जाणे. मी खोटं बोललो, पण खरं काय होतं ते मलाच माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही. मग माझं खोटं केवढं धरायचं?

परवा सीवूड्सला मॉलसमोर वैभव भेटला. म्हणाला, उधाण ओसरलं तसे मासे पोट वर करून तरंगायला लागले. सगळे. त्यालाच वाटलं असावं, मला वाईट वाटतंय, कारण तो म्हणाला, "तू कशाला टेन्शन घेतोस? काका तुला काय बोलत नाय. म्हनतात, पोरांनी बरोबरच मोजलं व्हतं, मागून माज्याच हातनं बांध कच्चा र्‍हायला आसल. आता एकटेच सगळा बांध उकरतायत, परत घालायला."