ती भावाला भेटायला निघाली होती

यांच्या आजारपणात मी जमेल ते सगळं केलं होतं. उपास केले, पारायणं केली, शेजारणीने सांगितलेला नवसही बोलले. हे गेले आणि माझं देवाशी बोलणंच थांबलं. राग होता असंही नाही. मनात हाक उमटेनाशी झाली, एवढंच. पुढे गुडघे आखडायला लागले म्हणून लेकीने सायकल घेऊन दिली आणि नवीन पनवेलच्या एका सायकल गटात माझं नाव घातलं. निम्मे लोक माझ्याच वयाचे. रविवारी सकाळी निघायचं, वाटेत मिसळ खायची, उन्हं चढायच्या आत परत यायचं. आठवड्यातली तेवढी एक सकाळ मला बरी जायची.

श्रावणातल्या एका रविवारी करंजाला जायचं ठरलं. बंदर पाहायचं आणि मग देवीच्या दर्शनाला डोंगर चढायचा. बाकीचे वर जातील तेव्हा आपण खाली चहा पीत बसायचं, असं मी मनाशी ठरवूनच निघाले होते. उलवे मागे पडलं आणि पाऊस असा कोसळायला लागला की पुढच्या सायकलचा लाल दिवाही दिसेना. सगळ्यांत मागे राहून लक्ष ठेवणारे काका पंक्चर काढायला थांबले होते. पुढच्यांना वाटलं मी काकांबरोबर आहे, काकांना वाटलं मी पुढच्यांना गाठलं. अशी मी मधल्या मध्ये एकटी राहिले. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. पुढचं चाक आत गेलं आणि मी उजव्या कुशीवर आपटले. पाय हलवायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. अंगाजवळून कंटेनरचे ट्रेलर पाणी उडवत जात होते. फोन भिजून बंद पडला होता. त्याही वेळी मी देवाला हाक मारली नाही. एखादं माणूस दिसावं, इतकंच वाटत होतं.

समोरून पनवेलकडे निघालेली एक सिक्स सीटर थांबली. गाडी भरलेली होती आणि मला उचलू पाहिलं तर मी कळवळत होते. आतून माझ्याच वयाची एक कोळीण उतरली. ड्रायव्हरला म्हणाली, "तुमी जा. मी हाय इतं." गाडी निघून गेली. तिने तिच्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि छत्री माझ्यावर धरली. स्वतः भिजत राहिली. ट्रेलर जवळ आला की दुसरा हात उंच करून ओरडायची. रस्त्यात पाणी साचल्यामुळे अँब्युलन्स कितीतरी वेळ आली नाही. तेवढ्यात तिचं नाव कळलं, हिरा. करंजाची. कुठे निघाली होतीस, असं विचारलं तर म्हणाली, भाऊ पनवेलला दवाखान्यात आहे, त्याला बघायला. मधे दोनदा तिचा फोन वाजला. "येते, येते," एवढंच बोलून तिने तो ठेवला. मी वेदनेत होते, त्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

अँब्युलन्स आली, मागोमाग काकाही पोचले. हिरालाही आम्ही गाडीत घेतलं. पनवेलला उतरल्यावर तिने माझ्या गालावरून ओला हात फिरवला आणि भावाच्या दवाखान्याकडे भराभर निघून गेली.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पुढचे महिने अंथरुणातच गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, देवच धावून आला बघा. आधी मी नुसतं ऐकून घ्यायचे. हळूहळू मलाही तसं वाटायला लागलं. भर रस्त्यात, तशा पावसात, कोण कुणासाठी गाडीतून उतरतं? एका सकाळी नकळत माझे हात जोडले गेले आणि मी पोटभर रडले. हरवलेलं काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटत होतं.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर माघ महिन्यात लेकीबरोबर करंजाला गेले. ओटीचं सामान आणि साडी घेतली होती. हिरा बंदराजवळ सुकत घातलेले बोंबील उलटत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. आधी तिने माझा पाय पाहिला. मग मी विचारलं, भाऊ कसा आहे?

"तो नाय रायला गो," ती म्हणाली. "मी पोचले तवा गेलता."

ती सांगत राहिली. तो सकाळपासून तिची वाट बघत होता, असं वहिनी म्हणाली होती. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हात बोंबलांवरून फिरत होते. मी कसंबसं विचारलं, "मग तू उतरलीस का? गेली असतीस तर भेट झाली असती."

"भावाजवल घरची होती," ती म्हणाली. "तुज्याजवल कोन नव्हता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला ते सोसेना. मी जिला कृपा म्हणत होते ती कुणाच्या तरी शेवटच्या भेटीतून काढून मला दिली गेली होती, आणि परत करायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. साडीची पिशवी पुढे करायचीही लाज वाटली. तिनेच ती घेतली, मला कुंकू लावलं आणि देवीला जाऊ म्हणाली. तिच्या खांद्याचा आधार घेऊन, थांबत थांबत, मी डोंगर चढले. वर पोचल्यावर तिला भावाचं नाव विचारलं. बाळाराम.

शरण जाणं म्हणजे आपला भार देवावर टाकून मोकळं होणं, असं मी समजत होते. मोकळी मी झाले नाही, होणारही नाही. मिळालेलं आहे आणि ते फेडता येत नाही, हे मान खाली घालून कबूल करणं, एवढंच मला जमतं. त्या दिवशी देवीपुढे आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. मागण्यासारखं मला काही आठवलं नाही. मी फक्त हलक्या आवाजात बाळारामचं नाव घेतलं. हिराने ऐकलं आणि माझा हात धरला.