पितळेत राहिलेलं नाव

माझा मुलगा आता लेझरवर पाट्या करतो. कॉम्प्युटरवर नाव टाकायचं, पत्रा यंत्राखाली सरकवायचा, हातातला चहा संपायच्या आत पाटी तयार. मी प्रत्येक पाटी उलटून बघते. पाठ कोरी आणि गुळगुळीत असते. "आई, मागं काय बघतेस दर वेळी?" म्हणून तो हसतो. सत्तरच्या दशकातली ती हकिकत मी त्याला सांगितली आहे, पण त्याला ती भुताची गोष्ट वाटते. वाटो बापडी. मलाही तशीच वाटते.

तेव्हा इतवारीतल्या गल्लीत माझे सासरे छिन्नी-हातोडीनं पितळेवर नावं कोरायचे आणि मी त्यांत लाख भरायची. पाटी शेगडीवर तापवायची, काळ्या लाखेची कांडी अक्षरांवरून फिरवायची आणि निवल्यावर वरची लाख घासून काढायची. खाचेत तेवढी राहते. बोटं भाजत. हिच्या तोंडापेक्षा शेगडी बरी, म्हणून हिला तिथं बसवलंय, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मीही ऐकून घेणारी नव्हते.

सासऱ्यांचा एक दंडक होता. जित्या माणसाचं नाव ते घासत नसत. घरातलं माणूस गेलं की तेरवी उरकून लोक पाटी आणत, मग ते कानस चालवत आणि त्याच पितळेवर मुलाचं नाव घालत. पण माणूस हयात असेल तर पाटी उलटायची, मागच्या बाजूवर नवं नाव कोरायचं, जुनं भिंतीकडे तोंड करून राहील. गिऱ्हाइकं हसत, कुरकुरत, पण ऐकत.

एका उन्हाळ्यात सक्करदऱ्याहून एक तरुण आला. त्याचा थोरला भाऊ कुठल्याशा कचेरीत कारकून होता. एके सकाळी तो नेहमीसारखा सायकल काढून निघाला आणि परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही. दवाखाने, पोलीस, सोयरेधायरे, सगळीकडे शोधून झालं होतं. त्यानं आणलेली पाटी त्या भावाच्या नावाची होती.

"हे नाव घासा अन् माहं टाका," तो म्हणाला. "लोकं दादाच्या नावानं दार वाजवतेत. काय सांगू त्याईले? घर तर मीच चालवून राहिलो."

त्याच्या मागून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आत आली. त्या थोरल्याची बायको. उन्हातून भरभर आल्यानं तिला दम लागला होता.

"घासू नका, काकाजी."

"काहून वं वहिनी? अजून किती दिवस?"

"घासलं म्हंजे मेला म्हटल्यासारखं होते. खबर येईल त्या दिवशी मीच घेऊन येईन."

सासऱ्यांनी त्या दोघांकडे पाहिलं आणि पाटी उलटली. पत्रा पातळ होता. पूर्वी कोणीतरी जोरकस हातानं कोरलेली अक्षरं मागच्या अंगाला उलटी उमटून आली होती. सासऱ्यांनी ती ऐरणीवर ठोकून सपाट केली, घासून गुळगुळीत केली आणि त्यावर धाकट्याचं नाव कोरलं. लाख मी भरली. बाईनं ती पाटी स्वतःच्या हातानं उचलून नेली.

वर्ष झालं असेल. धाकटा पाटी घेऊन परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काकाजी, दादा निघून राहिला मंधातून."

मी हसणार होते. पण सासऱ्यांनी पाटी उजेडाकडे कलती केली आणि मी पुढं वाकले. काळ्या अक्षरांच्या मागून दुसरी अक्षरं वर आली होती, उलटी आणि जास्त चकचकीत.

"ठोकलेलं पितळ कडक होते गा," सासरे म्हणाले. "लवकर झिजत नाही. भोवतालचं झिजते, मंग ते वर येते. पाटी घासते कोण?"

"वहिनी. दर शनिवारी, चिंचेनं."

"मंग नको घासू म्हणा."

"कोण म्हणंल तिले?"

मला त्याचा राग होता, भावाच्या जागेवर टपलेला म्हणून. त्या दिवशी मात्र त्याची कीव आली. स्वतःच्या नावाखालून रोज भाऊ वर येताना पाहायचा, म्हणजे काय गंमत आहे! तो पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा मी पाटी भिंतीवरच्या आरशासमोर धरली. नाव सरळ झालं. आरशातून माणूसच बघतोय असं वाटलं. मी पाटी घाईनं पालथी घातली. सासऱ्यांनी ती पुन्हा सपाट करून दिली, पण पुन्हा येईल हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तसं सांगितलंही.

नंतर एकदा ती बाई एकटीच आली. पाटी पदराखाली होती.

"तो आला होता, काकाजी."

ती दारात गहू निवडत बसली होती. फाटकापाशी एक माणूस थांबला. दाढी वाढलेली, अंगानं वाळलेला, पण तोच. त्यानं पाटी वाचली. मग तिच्याकडे पाहिलं, चांगलं डोळ्यात डोळे घालून. ती सूप टाकून उठेपर्यंत तो वळला होता. ती अनवाणी सक्करदऱ्याच्या तळ्यापर्यंत धावली, हाका मारल्या. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"आता घासा त्याचं नाव."

"पण बाई, तो तं जिता हाये न?"

"म्हणूनच. मेला असता तं जलमभर ठेवलं असतं."

सासऱ्यांनी कानस उचलली. जित्या माणसाचं नाव घासताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं. ती समोर बसून होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे कोरडे. पितळेचा भुगा पडत राहिला.

पुढं कधीतरी ती माहेरी कामठीला निघून गेल्याचं कळलं. मी तोवर विसरायला लागले होते. मग आमच्या नात्यात एका विधवेनं दिराशी पाट लावला. आमच्याकडे ही रीत जुनी, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी त्या जेवणाच्या पंगतीत बसले होते आणि हातातला घास तसाच राहिला. त्या माणसानं फाटकात उभं राहून काय वाचलं होतं? आपल्या दारावर धाकट्या भावाचं नाव. आणि त्याच दारात कपाळभर कुंकू लावून बसलेली आपली बायको.

ते कुंकू त्याच्याच नावाचं होतं. पण दारावर नाव भावाचं होतं.