सौसरच्या शाळेतला शिंगवाला मासा

एका शाळेत बरीच वर्षं काढली की शिकवलेलं विसरायला होतं, स्टाफरूममधलं मात्र सगळं लक्षात राहतं. आमच्या सौसरच्या शाळेतले निम्मे किस्से एकाच माशाचे आहेत. नागपूरच्याही पलीकडच्या सौसरहून समुद्र किती लांब आहे ते नकाशात पाहून घ्या! मी तिथं गणित शिकवायचो, म्हणजे माशाशी माझा संबंध बघण्यापुरता. तरी जुनी माणसं भेटली की मलाच विचारतात.

*

ऐंशीनंतरची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आमचा स्टाफ कोकणात समुद्र पाहायला गेला. हेडमास्तर डोंगरे सरांनी लगेच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मराठीच्या बारंगे बाईंनी पायाला लाट लागताच हात जोडले. जीवशास्त्राचे गजभिये सर मात्र समुद्राकडे पाठ करून, मान खाली घालून वाळूतून फिरत होते. त्यांना एक मेलेला मासा सापडला. वीतभरही नाही, अंग डबीसारखं चौकोनी आणि टणक, आणि डोळ्यांच्या वर पुढे आलेली दोन शिंगं.

सरांनी मासे विकणाऱ्या एका बाईला त्याचं नाव विचारलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिला.

"ह्यो कोण खात नाय. खात नाय त्याला नाव कशाला?"

*

परतीच्या गाडीत सरांनी मासा मिठात घालून, रुमालात बांधून वरच्या बर्थवर ठेवला. बरोबर खाली हेडमास्तर. नाशिकनंतर वास सुटला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. भुसावळला हेडमास्तरांनी अख्ख्या स्टाफला मोजे काढायला लावले आणि ते पिशवीत बांधून दाराशी टांगले. तरी वास जाईना.

"आता पायच राह्यले," बारंगे बाई म्हणाल्या.

*

घरी आल्यावर सरांनी मासा उन्हात वाळवला. आकार जसाच्या तसा राहिला, टेबलावर ठेवला तर आपला आपण उभा! पण नाव सापडेना. पाठ्यपुस्तकातल्या एकाही माशाला शिंगं नव्हती. हेडमास्तर म्हणाले गेंडामासा असेल. बारंगे बाई म्हणाल्या, शिंगं आहेत म्हणजे हे जनावर झालं, मासा कसला?

आम्ही हसायचो, सर हसायचे नाहीत. त्याला कारण होतं. अकरावीला जीवशास्त्र सुरू करायची मंजुरी मिळायची होती. त्यासाठी वरून साहेब येऊन प्रयोगशाळा तपासणार, आणि नमुन्यांत एक समुद्री मासा हवा, प्रत्येक नमुन्याला नाव पाहिजे असा नियम. मंजुरी नाही मिळाली तर पोरींनी तो विषय शिकायला पांढुर्ण्याला नाहीतर छिंदवाड्याला जायचं, आणि कोणाचेही आईबाप पाठवणार नव्हते. सरांची सुनंदा तेव्हा नववीत होती. तिला नर्स व्हायचं होतं. सरांची बायको आजारी, घर सुनंदाच्या अंगावर. तिचं बाहेरगावी जाणं शक्यच नव्हतं.

*

सर मासा डब्यात घालून बसनं नागपूरला गेले, एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना दाखवायला. प्राध्यापकांनी भिंग घेतलं, शिंगं पाहिली, शेपूट पाहिली, सरांना चहा पाजला. सरांना वाटलं, आता नाव येणार.

प्राध्यापक म्हणाले, "सुंदर आहे. पण मी हरभऱ्यावरच्या अळीचा माणूस आहे."

*

साहेब येणार असं कळल्यावर हेडमास्तरांनी सरांना बाजूला घेतलं. कोणतंही लांबलचक इंग्रजी नाव ठोकून द्या, साहेबाला काय समजते, असा त्यांचा सल्ला होता. सर माशावरची धूळ पुसत होते.

"त्याले नाही समजणार सर. पण पोरी तेच पाठ करतीन ना."

हेडमास्तर चिडून निघून गेले. मला तेव्हा सरांचा खरंच राग आला होता. एका मेलेल्या माशासाठी स्वतःच्या पोरीचं नुकसान करून राहिला हा माणूस, असं वाटायचं.

*

साहेब आले ते नेमके पोळ्याच्या दिवशी. शाळेला सुट्टी, म्हणून आमची तपासणी त्यांनी परतीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांना पांढुर्ण्याला पुढे जायचं होतं, पण तिथं गोटमार, दोन गावांची दगडफेकीची जत्रा, म्हणजे रस्ता बंद. ते सौसरलाच अडकले. त्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून आणतात आणि चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. गावात साहेब आहे म्हटल्यावर नंबर काढायला त्यालाच बसवलं.

इकडे सुताराने बारंगे बाईंच्या लेकीचा बैल वेळेवर दिला नव्हता. पोर रडून बेजार. बाईंनी प्रयोगशाळेतला मासा एका दिवसापुरता नेला, मोडक्या खेळण्यातल्या गाडीची चाकं त्याला डिंकानं चिकटवली, शिंगं रंगवली आणि वरून लाल झूल पांघरली. संध्याकाळपर्यंत परत ठेवू, असा त्यांचा हिशेब.

साहेब रांगेतून फिरले आणि त्या बैलापाशी थांबले. असली शिंगं त्यांनी कुठे पाहिली नव्हती. पहिला नंबर!

रात्री चाकं निघेनात. ओढली तर मासा तुटेल अशी भीती. सकाळी झूल काढून मासा तसाच कपाटात उभा केला.

*

तपासणीला आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. बाहेर व्हरांड्यात सुनंदा आणि तिच्या मैत्रिणी. साहेबांनी बेडूक पाहिला, गांडूळ पाहिलं, साप पाहिला. मग माशापाशी आले आणि थांबले. रंगवलेली शिंगं, खाली चार चाकं. बारंगे बाईंनी पदर तोंडाला लावला.

"इसका नाम?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तर मागून सरांना खुणा करत होते. सरांनी तिकडे पाहिलंच नाही.

"माहीत नाही साहेब. शोधून राहिलो."

साहेबांनी एक चाक बोटानं फिरवून पाहिलं. मग टेबलाशी बसले, कागद ओढला आणि मंजुरीवर सही केली. साहेब जीपपर्यंत गेले आणि तिथून सरांना हाक मारली.

"गुरुजी, नाम मिल जाए तो मुझे भी बताना. और तब तक उसके पहिये निकलवा दीजिए."