भिंतीकडे तोंड

त्या मुलीला घरात सगळे टिटवी म्हणत. दोन वर्षांची पोर अंथरूण दिसले की किंचाळायची, म्हणून बापाने ठेवलेले नाव. बाप बस चालवायचा, पहाटेची पाळी. त्याला झोप हवीच होती, ते कोण नाकारतो? पण पोर झोपली नाही की खापर फुटायचे ते आईच्याच डोक्यावर.

आई घरी गणवेश शिवायची. तिच्याकडे कापडापेक्षा सल्ले जास्त साठले होते. नणंदेचा सगळ्यांत जालीम. "वहिनी, झोपवताना तिच्याकडे बघायचंच नाही. बघितलं की डोक्यावर चढून बसतात." आई मन मारून भिंतीकडे तोंड करून बसायची. पोर जास्तच किंचाळायची. शेवटी नणंदेने फर्मान काढले, "रविवारी घेऊन जाते तिला. आठवड्यात सरळ करते."

आईने पोरीला उचलून कडेवर घेतले.

मुलांच्या दवाखान्यातून एक बाई घरोघरी यायच्या. आई आणि मूल यांचे रोजचे वागणे फोनवर टिपायचे, मग आईबरोबर बसून ते बघायचे, हे त्यांचे काम. त्यांनी दुपारच्या झोपेचे चित्रण लावले आणि मध्येच थांबवले.

"इथे काय करतेय ती?"

पोर रडत नव्हती. हात लांब करून आईच्या पाठीला बोट लावत होती. आई भिंत बघत होती.

आईचे डोळे भरले, मग डोके तापले. "मला हेच शिकवलं हो सगळ्यांनी!"

"तुम्हाला बोल लावत नाही मी. पुढे बघा." पुढे आईने न राहवून मागे वळून ते बोट धरले होते आणि पोर सैलावली होती. "हे तुम्हाला येतंच की."

त्या दिवसापासून आई पोरीकडे तोंड करून बसू लागली. जादू काही झाली नाही. पण किंचाळणे ओसरून कुरकुरीवर आले.

रविवारी जेवणे उरकल्यावर नणंद पिशवी घेऊन हजर. "चल गं टिटवे!"

"ती कुठेही जाणार नाही, वन्सं."

"अगं, माझ्या भावाच्या झोपेचं काय?"

"भावाची झोप दिसते तुम्हाला. हिची कुणी उडवली? मी, तुम्ही आणि ती भिंत!"

"मग झोपवून दाखव," नवरा गुरगुरला.

"तुम्हीच झोपवा. बाप आहात ना? आणि हाक नीट मारा. टिटवी म्हटल्यावर ती ओरडेल नाहीतर काय करेल?"

तो अवघडून पोरीशेजारी आडवा झाला. तिने त्याच्या मिशीला बोट लावले. सवयीने तो कूस बदलू लागला.

"इकडे बघा!" आई कडाडली.

त्याने बघितले. नणंद पिशवीची घडी घालत बसली.