गुलाबरावच्या नावावर चढलेली मोटरसायकल

रिसोडजवळ गुलाबरावचा भाजीचा मळा. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे जुड्या बांधायच्या आणि सापडेल त्या ऑटोत टाकून बाजारात न्यायच्या, हे बापलेकांचं ठरलेलं. एक दिवस आदर्श म्हणाला, "बाबा, आपलाच लोडिंगचा ऑटो घेऊ. मी चालवतो." बापाला पटलं. दोघं धुतलेले कपडे घालून शोरूमला गेले. आदर्शनं तर वाटेतच रंगही ठरवून टाकला.

फायनान्सवाल्यानं कॉम्प्युटरात पाहिलं आणि मान हलवली. "काका, तुमचं सिबिल खराब आहे. तुमच्या नावावर मोटरसायकल होती. हप्ते थकले म्हणून कंपनीनं ओढून नेली."

गुलाबरावनं जन्मात मोटरसायकल घेतली नव्हती. पण आदल्या वर्षी आदर्श काही महिने एक मोटरसायकल फिरवत होता. मित्राची, खेमाची आहे म्हणायचा. मग ती दिसेनाशी झाली होती. गुलाबरावच्या डोक्यात सगळं जुळलं.

"माह्या आधार कार्डावर घेतली तू?"

"नाई बाबा. ते खेमाचीच होती. त्यानं इकली."

"खोटं बोलून राह्यला!" आणि शोरूमच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत त्यानं लग्नाला आलेल्या पोराच्या कानाखाली वाजवली. आदर्शनं हात वर केला नाही. "कागद तं पाहा," एवढंच म्हणाला.

कागद कोणी पाहिला नाही. गुलाबरावचा राग मात्र घरात मावेना. त्याच सुमारास आसेगावच्या रूपालीशी आदर्शचं जमत आलं होतं. पोरगी त्याला आवडली होती, तिलाही तो. तिचे वडील शेवटची चौकशी करायला आले, तेव्हा बैठकीत गुलाबराव स्वतःच्या तोंडानं बोलून गेला, "पोरगं भरवशाचं नाई भाऊ. बापाच्या नावानं गाडी उचलली अन् बुडवली." पाहुण्यांनी चहा अर्धा सोडला. सोयरीक तिथंच मोडली.

दुसऱ्या दिवशी आदर्श चाकणला कंपनीत कामाला निघाला. आईच्या, पंचफुलाच्या पाया पडला. बाप अंगणातच होता, त्याच्यासमोरून तसाच निघून गेला.

पंचफुला अधूनमधून म्हणायची, "माहं लेकरू खोटं नाई बोलत. तुमी एकदा फोन तं करा त्याले." गुलाबराव उठून मळ्यात जायचा. रूपालीचं लग्न झाल्याचं कानावर आलं, तेव्हाही तो असाच उठून गेला.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत लेक उज्ज्वला माहेरी आली. आईचं ऐकून तिनं बापाचा सिबिल रिपोर्ट मोबाइलवर काढला.

"बाबा, हा फोन नंबर कोनाचा? हे गाव कोनतं? आपन कधी राह्यलो तिथं?"

मोटरसायकल दुसऱ्याच गुलाबरावची होती. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीखही तीच, एक जून. त्या पिढीतल्या कितीतरी पोरांना मास्तरांनी शाळेत घालताना हीच तारीख देऊन टाकलेली. फायनान्स कंपनीनं त्याची जप्ती याच्या माथी मारली होती.

"दादा म्हनत होता ना, कागद पाहा म्हनून," उज्ज्वला म्हणाली.

तिनं ऑनलाइन तक्रार टाकली. महिन्याभरात कंपनीनं चूक मान्य केली आणि नोंद निघाली. इतकं सोपं होतं ते.

नोंद निघाली त्या संध्याकाळी गुलाबरावनं पंचफुलाला फोन लावायला सांगितला.

"आदर्श, ते नोंद निघाली रे. दुसऱ्याचीच होती."

"बरं झालं बाबा."

"आता ऑटो भेटते आपल्याले. तू ये."

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. "मी नाई येत. चालवाले एखादा मानूस ठेवा."

"माहं चुकलं बाप्पा."

"हो," आदर्श म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर गुलाबरावला धरायला काहीतरी मिळालं असतं. "आई हाये का जवळ?"

फोन पंचफुलाकडे गेला. जेवला का, खोलीत पाणी येतं का, ती विचारत राहिली. गुलाबराव शेजारीच बसला होता. पोराचा आवाज त्याला ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच पंचफुला कशालातरी हसली, मग पदर डोळ्यांना लावला.

तिनं फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "माह्यासाठी काही म्हने?"

पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलावंसं तिला वाटलं असावं, पण ती म्हणाली, "नाई."