कान टोचायचे नाहीत म्हणजे नाहीत

माझ्या लेकीचे कान टोचलेले नाहीत. सत्तावीस वर्षांची झाली, रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते, स्वतःच्या पैशांनी स्कूटर घेतली, पण आमच्याकडच्या बायकांना त्यातलं काही दिसत नाही. त्यांना आधी कान दिसतात. "अगोबाई, पोरीचे कान भुंडेच?" हे मी तिच्या बाराव्या दिवसापासून ऐकत आलेय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. भुंडे म्हणे! जागच्या जागी आहेत, चांगलं ऐकू येतं, अजून काय पाहिजे कानाकडून?

मी अशी का वागते ते सांगते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. लहानपणी टोचलेली भोकं केव्हाच बुजली होती. सासूबाईंनी सोनार बोलावला, त्यानं दोन्ही कानांत तार ओवली. डावा कान बरा झाला. उजव्यावर आधी कणी आली, मग चिंचोक्याएवढी गाठ. खोपोलीच्या डॉक्टरांनी ती कापली, तर सहा महिन्यांत दुप्पट होऊन परत आली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या कातडीला जखम भरून झाल्यावर थांबायचं कळत नाही. हिला पुन्हा टोचू नका." दुसऱ्यांदा कापली, गाठीतच इंजेक्शनं घेतली, तेव्हा कुठे बसली. बसली म्हणजे वाटाण्याएवढी उरली. ती अजून आहे आणि गारठा पडला की ठणकते. सोनारानं कान टोचले की दुखत नाही, अशी म्हण आहे. ती म्हण कुणा सोनारानंच काढली असणार.

तर लेकीच्या बाराव्या दिवशी सोनार पुन्हा दारात. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे कान टोचतात. माझा भाऊ पाटावर बसलेला, वाटीत हळद कालवलेलं तेल, सोनाराच्या चिमट्यात सोन्याची तार. मी बाळंतिणीच्या बाजेवरून उठले, भावाच्या मांडीवरून पोर उचलली आणि आत जाऊन कडी लावली. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीची जात आहे. सोसायची सवय नको?" मी आतून ओरडले, "नको!"

पुढे तिच्या दंडावरची लशीची खूण करवंदाएवढी फुगली. बापाचं नाक घेतलं आणि कातडी माझी. मी ती खूण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. तरी बायका म्हणायच्याच, "दंडाचं वेगळं, कानाचं वेगळं."

मग मीही हट्टाला पेटले. टोचल्याशिवाय कानात घालता येतं, हे दाखवूनच देते म्हटलं. मी ब्लाऊज शिवते. माझ्या धंद्याचा नियम एकच आहे, कापड बाईला बसलं पाहिजे, बाईनं कापडात बसायचं नसतं. तोच नियम मी कानांना लावला. तिला पहिले घेतले ते स्प्रिंगच्या चापाचे. ते पहिली पाच मिनिटं बरे वाटतात आणि तासाभरात पाळीचा जीव घेतात. मग चुंबकाचे आणले. त्यातलं एक शेजारच्या बारशात वरणाच्या वाटीत सापडलं. शेवटी फिरकीचे सापडले. मागची फिरकी आपल्या बेतानं आवळायची, तिच्या टोकाला रबराची बारीक गादी बसवायची, की पाळी चिमटत नाही. तळहातावर हलकं लागलं म्हणून घेऊन टाकायचं नाही. कानाला लावून बाजारात एक फेरी मारायची आणि कान लाल झाला तर दुकानदाराच्या हातात परत ठेवायचं. कर्जतच्या बाजारात दोन-तीन दुकानदार मला बघून अजून तोंड फिरवतात. फिरवू देत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कारखान्यातला, घर खालापूरजवळच्या गावात, भातशेती आणि आता नोकऱ्या. माणसं चांगली, मी खोटं बोलणार नाही. पण बोलणी उरकून चहा झाल्यावर विहीणबाईंनी पिशवीतून एक डबी काढली. आत मोत्यांच्या कुड्या. त्यांच्या सासूच्या सासूच्या.

"आमच्यात या कुड्या घातल्याबिगर नवरी मांडवात उभी ऱ्हात नाय," त्या म्हणाल्या. "कान तेवढे टोचून घ्या."

"ते होणार नाही," मी म्हटलं.

"का होनार नाय? पोरगी हाय ना?"

मी माझा कान दाखवला, लेकीचा दंड दाखवला, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हळदीच्या दिशी टोचू या. अंगभर हळद असतीया, जखम धरायची नाय." वर असंही म्हणाल्या, की त्यांचा घरचा सोनार फार हलक्या हाताचा. माझ्या तोंडाशी जे आलं ते मी चहाबरोबर गिळलं, कारण माझा नवरा समोरून डोळे मोठे करून बघत होता.

पुढच्या रविवारी मी लेकीला घेऊन खोपोलीच्या बाजारात गेले. दोन वस्तू घ्यायच्या होत्या. एक, लग्नात घालायला मोत्याचे, फिरकीचे कानातले, त्या कुड्यांच्या तोडीचे. दुसरे हातमोजे. तिची सकाळची पहिली शिफ्ट असते, उजाडायच्या आत स्कूटर काढून चौक गावावरून जाते. थंडीच्या दिवसांत घाटाकडून असा वारा उतरतो, की कारखान्यात पोचल्यावर तिला अर्धा तास बोटं हलवता येत नाहीत. काचेची नळी हातात धरायची म्हणजे पंचाईत.

हातमोजेवाला भला माणूस निघाला. लोकरीचे दाखवले आणि लगेच स्वतःच म्हणाला, "हे चालत जाणाऱ्याला ठीक, ताई. गाडीवर यातून वारा जातो." रेक्झिनचे काढले, लेकीला घालायला लावले, मूठ मिटायला लावली, किल्ली फिरवायला लावली. "बोटाच्या टोकाला जागा राहिली तर ब्रेक नीट धरता येणार नाही. घट्ट झाले तर रक्त अडतं, बोटं जास्तच गारठतात." शेवटी आतून मऊ, बाहेरून वाऱ्याला दाद न देणारा असा जोड बसला. मी म्हटलं, लग्नानंतर हातात हिरवा चुडा असेल, मनगट रुंद पाहिजे. त्यानं माझ्याच बांगड्यांवरून मोजा चढवून दाखवला. मोजा आत सरकला, एक बांगडी पिचली नाही. पंधरा मिनिटं तो माणूस एकच गोष्ट विचारत होता, "कुठे टोचतंय? कुठे आवळतंय?"

तिथून चार दुकानं पुढे कानातल्यांचं दुकान. काउंटरवरच्या बाईनं लेकीचे कान बघितले आणि म्हणाली, "एवढं लग्न आहे तर टोचूनच टाका ना. दोन दिवस दुखेल, मग सवय होते."

माझा भडका उडाला. "हाताला आवळलं तर मोजा बदलायचा आणि कानाला दुखलं तर सवय करायची, होय? कुठलं शास्त्र हे?" दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. मी बोलत सुटले होते, जिभेला काही हाड नव्हतं. लेकीनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. कानातले राहिलेच.

स्टँडजवळ चहा घेताना ती म्हणाली, "आई, मी टोचून घेते गं."

मला वाटलं मस्करी करतेय.

"खरंच सांगते. एवढ्यासाठी रोज महाभारत कशाला? गाठ आली तर आली, नाही आली तर सुटलो."

"वेड लागलंय का तुला? तुझ्यासाठी मी बाराव्या दिवसापासून सगळ्या गावाशी भांडतेय!"

"हो ना," ती शांतपणे म्हणाली. "पण मला कधी विचारलंस? त्यांना टोचायचेत, तुला टोचायचे नाहीत. कान माझे, आणि मी आपली मधे बसून तुमच्या तोंडांकडे बघतेय."

राग आला, फार आला. कार्टी, नऊ महिने पोटात वागवली, कडी लावून वाचवली आणि वर मलाच विहीणबाईंच्या रांगेत नेऊन बसवते? घरी येऊन मी पिशवी कोपऱ्यात आपटली. पण शिलाई मशीनवर बसले आणि मनातून तिचं बोलणं जाईना, कारण ते खरं होतं. लहान होती तेव्हा विचारता येत नव्हतं. पण दहा वर्षांची झाली, वीस वर्षांची झाली, तेव्हा काय झालं होतं मला?

रात्री जेवताना मी म्हटलं, "कान तुझे. टोच नाहीतर नको टोचू. मी मांडवात तोंड उघडणार नाही."

"जमेल तुला?" तिनं विचारलं. बाप मोठ्यानं हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ताटात मान घातली.

हळदीचा दिवस आला. मुलाकडून उष्टी हळद घेऊन बायका आल्या, पुढे विहीणबाई, नऊवारी, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ, आणि त्यांच्या मागे खरोखरच सोनार. त्यानं ओट्यावर बसून डबी उघडली, कुड्या पुसल्या, तार हळदीच्या तेलात बुडवून ठेवली. लेक पाटावर, हळदीनं नखशिखांत पिवळी. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आता ही उठणार, आता हिचा पट्टा सुरू होणार. मी उठले नाही. पदराचं टोक दातांत धरलं आणि बसून राहिले. ती हो म्हणाली तर? मी शब्द दिला होता. माझ्या डोळ्यांदेखत टोचतील आणि मला बघत बसावं लागेल.

सोनार पुढे सरकला. लेकीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"आत्या," ती म्हणाली. होणाऱ्या सासूला ती आत्या म्हणायची. "एक विचारू? तुमची नथ टोचलेली आहे का चापाची?"

विहीणबाईंचा हात नाकाकडे गेला. "चापाची हाय. का गं?"

"नाक का नाही टोचलंत?"

त्या जरा घुटमळल्या. "लानपनी पळून गेलते मी. भ्या वाटलं."

"मग मलाही भ्या वाटतं," लेक म्हणाली. "मी कान टोचणार नाही. आईनं सांगितलं म्हणून नाही, आईला मी गप्प बसवलंय. मलाच नको. कुड्यांना चाप लावून दिलात तर हौसेनं घालीन. नाहीतर अशीच उभी राहीन."

सत्तावीस वर्षं मी गावभर भांडले, गाठ दाखवली, दंड दाखवला, डॉक्टर सांगितले. नथीकडे बोट दाखवायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. एका बाईला फिसकन हसू आलं आणि मग तोंडाला पदर लावून सगळ्याच हसायला लागल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कुड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मुकी. मग सोनारावर खेकसल्या, "बघत काय बसलास रं? चाप लाव त्यांना."

"जुनी वस्तू हाय, काकी. दांडी कापावी लागंल."

"काप म्हंते ना!"

दुसऱ्या दिवशी लेक कुड्या घालूनच अंतरपाटामागे उभी राहिली. सोनारानं एका रात्रीत स्प्रिंगचे चाप बसवले होते, त्याला दुसरं काही येत नसावं. अक्षता पडल्या, हार घातले. फोटो काढायला सगळे रांगेत उभे राहिले, आणि मला दिसलं, की तिचे कान लालबुंद झालेत. पण सांगितलं ना, तोंड उघडायचं नव्हतं.

फोटोवाला म्हणत होता, "नवरीबाई, जरा हसा." नवरीनं दोन्ही हात कानांकडे नेले, एक कुडी काढली, दुसरी काढली, आणि भरल्या मांडवात, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्या, दुखतायत. काढते मी."

विहीणबाईंनी हात पुढे केला. तिनं कुड्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि फोटोवाल्याकडे बघून हसली.

मी मात्र तोंडात पदर कोंबून मांडवाच्या मागे गेले आणि ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, पोर सासरी चालली म्हणून रडतेय. वाटू दे. एकवीस वर्षांची असताना, सोनारानं तार ओवली तेव्हा, "दुखतंय" एवढाच एक शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.