डाव्या बाजूचा विंगर

परळीत आमचं फुटबॉलचं मैदान औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला होतं. घसरून पडलं की जखमेत राख भरायची. मी डाव्या बाजूचा विंगर, माझा थोरला चुलतभाऊ गोलकीपर. त्याला मी दादा म्हणायचो.

त्या वर्षी अंतिम सामन्यात समोर एका पुढाऱ्याचा संघ होता. मला अडवणाऱ्या त्यांच्या बॅकनं पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या नडगीवर बूट घातला. रेफ्रीनं पाहूनही शिट्टी वाजवली नाही. मध्यंतरात मोजा सोडवला तर कातडी त्याच्याबरोबर निघाली.

"पुन्हा आलास तर पाय तोडून हातात देईन बे," बॅक म्हणाला.

सामना संपता संपता मी त्याला चकवून आत घुसलो आणि गोल केला. त्यासरशी पुढाऱ्याची माणसं काठ्या घेऊन मैदानात शिरली. काहींनी कोपऱ्यावरच्या झेंड्यांचे बांबू उपटले. दादानं मला मागं ढकललं.

"बघतो काय, पळ!"

मी पळालो. कुंपणावर चढताना एकदा मागं पाहिलं. दादा खाली पडला होता. डोकं दोन्ही हातांनी झाकलेलं, आणि बांबू त्या हातांवर बसत होते. मी थांबलो नाही. थेट स्टेशन गाठलं.

दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली, ती नीट जुळली नाहीत. पुढाऱ्याशी वैर नको म्हणून पोलिसांत कुणी गेलं नाही. मला मात्र तोच सामना फळला. पुण्याच्या एका क्लबचे प्रशिक्षक तो बघायला आले होते. त्यांनी मला करारावर घेतलं.

तिथल्या तिसऱ्याच सामन्यात समोरच्या बॅकनं माझा पाय तुडवला आणि एक शिवी दिली. खेळात चालतं तेवढंच. पण माझ्या डोळ्यांपुढं परळीचा तो बॅक आला. पुढचा चेंडू हवेत असताना मी याच्या तोंडात कोपर घातलं. त्याचे दात माझ्या हाडाला लागलेले कळले. तो गुडघ्यांवर बसून ओंजळीत रक्त धरत होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं. लाल कार्ड दिसलं तरी बरंच वाटत होतं.

बंदी लागली म्हणून घरी आलो. दादाला सगळं सांगितलं. कुंपणावरून मागं पाहिलं होतं, हेही सांगितलं. तो डाव्या हातानं चहा पीत होता.

"थांबला असतास तर दोघंबी मेलो असतो," तो म्हणाला. मग कप खाली ठेवला. "पन त्या पोराचं काय चुकलं व्हतं रे?"



दुसऱ्या दिवशी मी ज्याला कोपर मारलं त्या बॅकचा नंबर मिळवून फोन लावला. मी कोण ते कळताच त्यानं कट केला. पुन्हा लावला, तर उचललाच नाही.